आगीचं पाणी

यवतमाळात कापसातून सरकी काढणाऱ्या जुन्या जिनिंगच्या मागे दोन ओळींची एक गल्ली आहे. नगरपालिकेनं तिला काहीतरी भारदस्त नाव दिलं आहे, पण ते पाटीपुरतंच. लोक तिला सरकी लाईन म्हणायचे, आणि आता तेवढंही म्हणायला लोक उरलेले नाहीत. दोन्ही ओळींतल्या दारांना कुलपं आहेत. काही दारांची कुलपं भुरट्यांनी तोडून नेली, आत न्यायला काही नव्हतं म्हणून कुलपावरच समाधान मानलं असावं. राहतात फक्त दोघं. गल्लीच्या तोंडाशी सत्यशीला, आणि पार शेवटी, जिनिंगच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत, उकंडाभाऊ.

सत्यशीला जन्मली ती याच गल्लीत. बाप बळीराम प्रेसवर गाठी बांधायचा, आई जिनवर कापूस टाकायची. लग्न झालं तेही समोरच्या ओळीतल्या भीमराजशी. माहेर आणि सासर यांच्यामध्ये एक नाली, त्यामुळे रुसून माहेरी जायची सोयच नव्हती. गेली तरी सासूला ती ओट्यावरून दिसायची, आणि सासू तिथूनच हाक मारून मीठ कुठे ठेवलं ते विचारायची. आता आई गेली, बाप गेला, सासू गेली, भीमराजही गेला. नाली आहे.

लहानपणी हंगाम सुरू झाला की गल्लीतली सगळी माणसं पांढरी व्हायची. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत रुईचे तंतू भुवयांवर, पापण्यांवर, भाकरीवर. आई कामावरून आली की आधी आपली वेणी झटकायची आणि मग पोरीला जवळ घ्यायची. सरकीच्या ढिगात गुडघ्यापर्यंत रुतून बसायला पोरांना मनाई होती, म्हणून पोरं तिथंच बसायची. जिनचा आवाज असा, की दोन हातांवरच्या माणसाला हाक ऐकू जायची नाही. मग बाया ओठांनी आणि बोटांनी बोलायच्या. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ हलवायचे. पाणी, पोर, नवरा, मुकादम, प्रत्येकासाठी हाताची एकेक खूण होती, आणि मुकादमाची खूण तर त्याच्यासमोर करण्याजोगी नव्हती. ही सवय घरीही यायची. सरकी लाईनीत माणसं समोरासमोरच्या ओट्यांवर बसून तासभर गप्पा मारायची आणि बाहेरून आलेल्या पाहुण्याला वाटायचं, इथं सगळेच मुके आहेत.

एकच गोष्ट आवाजाची होती. थाळी.

कापसाची आग लबाड असते. वरून काही दिसत नाही, आतल्या आत धुमसत राहते आणि वारा लागला की एकदम उठते. म्हणून गल्लीचा नियम होता, की प्रत्येकाच्या दारामागे एक भांडं कायम भरलेलं हवं. त्याला आगीचं पाणी म्हणायचे. मे महिन्यात नळ कोरडा पडला, पोरगं तहानेनं रडलं, तरी त्या भांड्याला हात लावायचा नाही. धूर ज्याला आधी दिसेल त्यानं पितळेची थाळी बडवायची. तिचा किनरा आवाज जिनच्या घरघरीतूनही ऐकू जायचा. थाळी वाजली की कोणाच्या घरी, काय झालं, हे विचारत बसायचं नाही. भांडं उचलायचं आणि धावायचं. ज्यांच्यात बोलणं नव्हतं तेही धावायचे. एकदा एकानं दारूच्या भरात गंमत म्हणून थाळी वाजवली. सगळी गल्ली भांडी घेऊन त्याच्या दारात उभी राहिली. त्याला कोणी मारलं नाही, पण तो अख्खा हंगाम त्याला कोणी बिडीसुद्धा दिली नाही. शेवटी तो बायकोला घेऊन उमरखेडला निघून गेला.

पुढे कापसाचे वाईट दिवस आले. भाव पडला, सरकारी खरेदी ढेपाळली, गाड्या दुसरीकडे वळू लागल्या. जिनिंग एका हंगामाला उशिरा सुरू झालं, पुढच्या हंगामाला लवकर बंद पडलं आणि त्याच्या पुढच्या हंगामाला उघडलंच नाही. माणसं काही दिवस ओट्यांवर बसून भोंग्याची वाट पाहत राहिली. मग कोणी सुरतला गेलं, कोणी पुण्याला, कोणी आपापल्या गावी. जाताना प्रत्येक जण सत्यशीलाला सांगून गेला, की येतो आम्ही, घरावर लक्ष ठेव. ती अजून ठेवते आहे.

तिचा मुलगा संघदीप नागपूरला असतो. बुटीबोरीच्या एका कारखान्यात काम, सून प्रियंका शिलाई करते, दोन खोल्या आहेत. दर रविवारी तो नाक्यावरच्या रूपसिंगच्या किराणा दुकानात फोन करतो आणि रूपसिंग तिला बोलावून आणतो. यंदा पावसाळ्यानंतर संघदीपनं एकच धोसरा लावला होता.

"माय, तू तिथं एकटी कायले राहून राह्यली?"

"एकटी कुठी? लाईनीत हावो आम्ही."

"लाईनीत कोण हाय सांग बरं. तुले काही झालं तं धावन कोण?"

"थाळी वाजवीन मी."

पलीकडे संघदीपला हसू आलं असणार, पण पोरगा आईचा मान राखणारा होता. "बरं," तो म्हणाला, "मंग मले एक माणूस दाखव. एकच. जो थाळी आयकून येईन. असा कोणी असला तं मी पुन्हा नाव काढत नाई. नाई तं पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो."

"उकंडाभाऊ हाय ना," ती लगेच म्हणाली.

म्हणाली खरी, पण घरी आल्यावर तिला तिच्याच बोलण्याचा भरवसा वाटेना. उकंडाभाऊ तिच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, जिनवरचा जुना माणूस, बायको केव्हाच गेलेली. सकाळी दोघं आपापल्या दारात उभी राहिली की गल्लीभर अंतरावरून त्यांचं बोलणं व्हायचं. ती मूठ तोंडाशी नेऊन चहा झाला का विचारायची, तो बोटं हलवून साखर संपली म्हणायचा. रोजचं हेच. पण थाळी? त्या आठवड्यात तिला ताप भरला. दोन दिवस ती बाजेवर पडून होती. आपण दारात दिसलो नाही तर तो येईल, असं तिला सारखं वाटत होतं. तो आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती उठली, फळीवरची थाळी काढली, लाटणं हातात घेतलं आणि ओट्यावर आली.

गल्ली उन्हात मोकळी पडली होती. तिनं लाटणं उचललंही. मग थाळी पुन्हा आत नेऊन ठेवली. खोटी थाळी वाजवायची नसते, असं तिनं मनाला सांगितलं, आणि ते खरंच होतं. पण त्याहून खरं हे, की ती भ्याली होती. वाजवली आणि कोणी आलंच नाही तर? मग ही गल्ली म्हणजे नुसत्या भिंती आहेत, हे पक्कं ठरलं असतं, आणि ते ठरवायला तिचं मन धजेना. ती बाजेवर पडून पोटभर रडली. ताप उतरला तो बहुधा त्यामुळेच.

शुक्रवारी ती चुलीपुढे बसली होती. तव्यावर भाकर होती. आणि थाळी वाजली.

एक नव्हे, शंभर वाजल्या. सत्यशीलानं विचार केला नाही. भाकर तव्यावर टाकून ती उठली, दारामागची कळशी उचलली आणि अनवाणी बाहेर धावली. गल्लीच्या तोंडावरच्या रस्त्यानं माणसंच माणसं येत होती. बाया, म्हातारे, टोप्या, फडकी, आणि प्रत्येकाच्या हातात थाळी. झरीकडची होती, मुकुटबनची होती, कुठकुठली होती. कापसाला भाव मागायला कलेक्टर कचेरीवर मोर्चा निघाला होता. पोलिसांनी मोठा रस्ता अडवला म्हणून जिनिंगच्या मागून वळला होता. हे सगळं तिला नंतर कळलं. त्या क्षणी ती मोर्च्यासमोर कळशी घेऊन उभी राहिली आणि ओरडली, "कुठी लागली?"

पुढची बाई थांबली. दिवसभर चालून तिच्या ओठांना पांढरी साय धरली होती. "लागली तं सारीकडंच हाय, बाई," ती म्हणाली. मग कळशीकडे पाहून म्हणाली, "पेयाचं हाय का?"

ते पाणी प्यायचं नव्हतं. जन्मात कोणी प्यायलं नव्हतं. पण आपण काय करून बसलो हे आता सत्यशीलाच्या ध्यानात आलं होतं आणि तिला लाज वाटली. तिनं कळशी वाकवली. बाईनं ओंजळ धरली. तिच्यामागे दुसरीनं धरली, मग आणखी कोणी. कळशी रिकामी झाली आणि मोर्चा तिला बाजूला सारून पुढे चालू लागला.

तेव्हा तिनं मान वळवून गल्लीकडे पाहिलं. एकही दार उघडलं नव्हतं. उघडणार कसं, पण तरी तिनं एकेक दार पाहिलं. आणि गल्लीच्या टोकाला उकंडाभाऊ आपल्या ओट्यावर, रस्त्याकडे पाठ करून, आरामात काटक्या मोडत बसला होता. त्याच्या पाठीशी शंभर थाळ्या बडवल्या जात होत्या आणि त्याचा खांदासुद्धा हलत नव्हता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसरं कोणी नसलं तरी चालेल, पण हा? याच्यावर तिनं संघदीपला शब्द दिला होता. रिकामी कळशी कमरेवर घेऊन ती तरातरा त्याच्या ओट्यापाशी गेली.

"उकंडाभाऊ." त्यानं काटकी मोडली. "अवो उकंडाभाऊ, थाळी वाजून राह्यली." त्यानं दुसरी घेतली.

ती ओट्याला वळसा घालून त्याच्यासमोर उभी राहिली. त्यानं वर पाहिलं. तिचा चेहरा पाहिला, कमरेवरची कळशी पाहिली, आणि त्याच्या हातातल्या काटक्या खाली पडल्या. "कुठी लागली?" तो म्हणाला. उत्तराची वाट न पाहता गुडघ्यावर हात देऊन उठला, दारामागे गेला आणि बादली घेऊन बाहेर आला. बादली काठोकाठ भरलेली होती.

"लागली नाई," सत्यशीला म्हणाली. "मोर्चा होय."

"मोर्चा? कव्हा?"

मोर्च्याचं शेपूट अजून त्याच्या पाठीमागून चाललं होतं. सत्यशीला त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिनं पदर तोंडावर घेतला आणि पदराआडून मोठ्यानं विचारलं, "भाऊ, जेवले का?" उकंडाभाऊ तिचा पदर खाली येण्याची वाट पाहत उभा राहिला.

"कव्हापासून?" पदर खाली घेऊन ती म्हणाली.

आपली चोरी पकडली गेली हे त्याला समजलं. बादली खाली ठेवून तो ओट्यावर बसला. "जिन बंद झाला तव्हापासून असन," तो म्हणाला. "आधी मले वाटलं, जिन बंद हाय म्हणून आवाज नाई. मंग एक डाव गारा पडल्या. टिनावर पडतानी दिसल्या, पण वाजल्या नाई. तव्हा समजलं."

"मले सांगाचं ना."

"तू तं बोलतच होती माह्याशी. सांगाचं काय?"

रोज सकाळी ती ओठांनी, बोटांनी विचारायची आणि तो उत्तर द्यायचा. बहिरेपण लपायला सरकी लाईनीइतकी चांगली जागा दुसरी कुठे मिळाली असती?

"मी दोन दिस तापानं पडून होती," ती म्हणाली.

"मी आलतो दारापर्यंत. दार लोटलेलं होतं. आवाज देल्ला दोनदा. तू ओ देल्ली का नाई, मले काय समजन?" त्यानं खाली पाहिलं. "बाईमाणसाच्या घरात ओ आल्याबिगर शिरावं कसं? वापस आलो."

तापाच्या गुंगीत तिनं ओ दिली होती की नाही, तिला आठवेना. कदाचित दिली असेल.

"अन् खरंच थाळी वाजली असती तं, भाऊ? तुम्ही काय केलं असतं?"

"तं तू आली असती ना सांगाले." उकंडाभाऊनं सहज सांगितलं. "आता नाई का आली? तू हायेस म्हणून तं बिनघोर झोपतो मी."

रविवारी रूपसिंगनं हाक मारली तेव्हा ती आधीच दुकानाच्या पायरीवर येऊन बसली होती. संघदीप खुशीत होता. गाडी ठरली होती, प्रियंकानं खोलीचा कोपरा रिकामा केला होता.

"मंग माय, सापडला का कोणी? थाळी आयकून येणारा?"

"नाई," ती म्हणाली. "कोणीच नाई येत. उकंडाभाऊले तं आयकूच येत नाई."

"मी सांगत नव्हतो? चाल मंग. दुपारपर्यंत पोचतो, सामान बांधून ठेव."

"मी येत नाई, बाबू."

"आता काहून?"

"थाळी वाजली तं त्याले सांगन कोण?"

संघदीप हलक्या आवाजात म्हणाला, "माय, जिन बंद, गोदाम खाली, घरं खाली. आता तिथं जळाले उरलंच काय?"

"दोन माणसं," सत्यशीला म्हणाली.