एका गावाला दोन मच्छर

झाडीपट्टीतला माणूस एक वेळ उपाशी राहील, पण नाटक चुकवणार नाही. म्हणून हिवतापाविषयी भाषण न देता साधनाने नाटुकलं बसवलं, आणि तिथंच सगळं बिनसलं.

सावरटोल्याच्या आरोग्यगटाची ती म्होरकी. हाताशी दोघं स्वयंसेवक होते: तळ्यात मासे धरणारा गोविंदा आणि धानाची शेती करणारी रुपाली. रोगी व्हायला दोघांपैकी कुणी तयार नव्हतं. मच्छर व्हायला मात्र दोघंही.

"चावते ते मादी," रुपाली म्हणाली. "ट्रेनिंगमंदी सांगतलं ना? नर निस्ता फुलाचा रस पिते. मंग मच्छर मीच."

गोविंदाने मिशीवरून हात फिरवला. "माह्या आजानं जलमभर नाटकात सीता केली. मले मादी होणं काही जड नाई."

"मिशीवाली मादी!"

"अवो बाई, मच्छराले सोंड असते. मिशी त्यात खपून जाते."

दोघांनी बोलणं टाकलं. रुपाली वरच्या चौकात मच्छर झाली, गोविंदा खालच्या वस्तीत. एकीच्या पंखांना टिकल्या लागल्या, तर दुसऱ्याने सोबत ढोलकीवाला आणला. गावात दोन पक्ष पडले. वरच्या चौकातली माणसं खालच्या मच्छराला माशी म्हणू लागली.

साधनाला हसू येईना. गेल्या पावसाळ्यात गावातल्या गोकुळाच्या लेकीचा, दिव्यानीचा, हिवताप डोक्यात चढला होता. दवाखान्याच्या गाडीत साधनाच्याच मांडीवर पोरीला झटके आले होते. पोर वाचली. तेव्हापासून घरोघरी औषधाच्या मच्छरदाण्या लागाव्यात म्हणून साधनाची धडपड चालली होती. मच्छरदाण्या वाटून झाल्या होत्या, पण गोविंदा त्याच्या मच्छरदाणीने झिंगे धरत होता आणि रुपालीची काकडीच्या वेलावर पसरली होती.

एका संध्याकाळी साधना गोकुळाकडे गेली. दिव्यानी उघड्यावर पडली होती. तिच्या दंडावर मच्छर बसलेला पाहून साधनाने हात उगारला.

"मारू नोको!" पोरगी ओरडली. "रुपालीकाकू हाये ते!"

"खरंच ताई," गोकुळा म्हणाली, "इतकी चांगली नाचते. मारावं कसं वाटन?"

 साधनाने तसंच जाऊन दोघा मच्छरांना बोलावून घेतलं. दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले.

"नाटकात मच्छर शेवटी काय करते?" तिने विचारलं.

"नाचते," दोघं एकदमच म्हणाले.

"मरते कोण?"

हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. दोघं गर्रकन वळले. झाडीच्या रंगभूमीवर मरणाइतकी मोठी भूमिका नसते. राजा मरायला लागला की प्रेक्षक चहाही थांबवतात.

"मरण मले द्या," गोविंदा म्हणाला.

"मादी मीच, मराचीबी मीच!"

"दोघंही मरा," साधना म्हणाली. "पण औषधाच्या मच्छरदाणीवर बसला तरच मच्छर मरते. ज्या घरी टांगली असन, तिथीच मराचं. बाकी कुठी नाई."

पहिला मान गोकुळाच्या घराला मिळाला. दिव्यानी मच्छरदाणीत बसली. गोविंदा जाळीला शिवला आणि कोसळला. मग उठून पाणी मागितलं, बायकोची क्षमा मागितली, आणि परत कोसळला. एकट्याचं मरण लवकर संपतं हे रुपालीच्या लक्षात आलं. तिने त्याचं डोकं मांडीवर घेऊन हंबरडा फोडला आणि मग स्वतःही जाळीला हात लावून त्याच्यावर पडली. अंगण टाळ्यांनी दणाणलं. दोघं किती तरी दिवसांनी एकमेकांशी बोलले ते मेल्यावर.

"रडणं झकास, बाई," गोविंदा डोळे मिटूनच पुटपुटला.

"पाय काढा आधी, भाऊ. पंख मोडून राह्यला."

दुसऱ्या दिवसापासून 'आमच्या घरी कवा मरता?' अशी विचारणा सुरू झाली. वेलावरच्या, खुराड्यावरच्या, पेटीतल्या मच्छरदाण्या निघाल्या. गोविंदाच्या बायकोनेही बोलावणं धाडलं, तेव्हा रुपाली म्हणाली, "येतो ना! पण तुमची तर तळ्यात हाये." गोविंदा मच्छरदाणी आणायला तळ्याकडे गेला.

आठवड्याने साधना गोकुळाकडे डोकावली. दिव्यानी मच्छरदाणीच्या आत पालथी पडून एका मच्छराकडे टक लावून पाहत होती. तो जाळीवर बसला, घसरला आणि टपकन खाली पडला. पोरगी वाट पाहत राहिली.

"ताई, हा तर काहीच बोलला नाई."

"खऱ्याले तेवढं येत नाई, बाई," साधना म्हणाली, आणि तिने जाळीचा काठ चटईखाली नीट खोचला.