क्लचखालचा टमाटर

नवा क्लच बसवून आठ दिवस झाले तरी बापूरावांच्या व्हॅनला गिअर पडत नव्हता. पहिला टाकायला जावं तर खर्रर्र करून दांडा परत हातात. दुसरा कसाबसा घुसायचा, आणि रिव्हर्सचं तर नावच काढू नये. सकाळी हा आवाज झाला की नाचणगावात लोक म्हणायचे, निघाले बापूराव वर्ध्याला भाजी घेऊन.

क्लचमध्ये काही खोट नव्हती, आणि हे गावात एकाच माणसाला ठाऊक होतं. खुद्द बापूरावांना. शुगरनं त्यांचा डावा पाय घोट्याखाली बधिर झाला होता. चालता चालता चप्पल निसटायची आणि वीस पावलं पुढं गेल्यावर त्यांच्या ध्यानात यायचं. मग काही तरी विसरल्याचं सोंग करत ते मागे फिरायचे. जुना क्लच झिजून इतका सैल झाला होता की अर्धवट दाबला तरी भागायचं. नव्याला पेडल तळापर्यंत जावं लागे, आणि पाय कुठवर गेला हे पायालाच कळत नव्हतं.

हे कबूल करावं तर स्टेअरिंग जाणार. जाणार कुणाकडे, तर सुनेकडे. रंजिता वडनेरची. माहेरी भावाचा टेम्पो चालवायला शिकलेली, लायसन घेऊनच सासरी आलेली. नवरा वैभव बुटीबोरीला कारखान्यात, रविवारपुरता घरी. सात वर्षांत बापूरावांनी तिला किल्लीला बोट लावू दिलं नव्हतं. पुढची सीट रिकामी असली तरी ते तिला मागे टोपल्यांत बसवत आणि चार माणसांत मुद्दाम मोठ्यानं म्हणत, "बाईच्या पायात कुठं जोर राह्यते? तू मांगं बस. सांभार सुकून राह्यला, त्याच्यावर पाणी मारजो." लोक हसत. रंजिता कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी मारत बसे.

मग पायाचं पाप कुणाच्या तरी माथी मारायला हवं होतं. क्लच बसवला होता पुलगाव रस्त्यावरच्या गॅरेजवाल्या रत्नदीपनं. पोरगा कामाला चोख, बोलायला कमी. असा माणूस बदनाम करायला सोपा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. बापूराव पानठेल्यावर बसून सांगू लागले की रत्नदीपनं नव्या डब्यातून क्लचची जुनीच प्लेट घातली. सांगताना प्रत्येक शब्द खोटा आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. दोन जणांनी रत्नदीपकडे दुरुस्तीला दिलेल्या गाड्या अर्ध्या कामातून परत नेल्या, तेव्हा बापूरावांना जरा चोरट्यासारखं झालं. पण स्टेअरिंग हातात होतं ना, मग झालं.

नवव्या दिवशी व्हॅन भर चौकात अडली. पहिला गिअर काही केल्या पडेना. आवाज ऐकून रत्नदीप आला आणि दाराशी उभा राहिला.

"काका, जुनी प्लेट टाकली म्हणता मी?"

"म्हणतो. तुह्या हातात इमान असतं तर गिअर पडला असता."

रत्नदीप भांडला नाही. त्यानं मागच्या क्रेटमधला एक पिकलेला टमाटर उचलला आणि वाकून क्लचच्या पेडलखाली ठेवला. "दाबा," तो म्हणाला. "पेडल खालपर्यंत गेलं तर टमाटर फुटन. फुटून बी गिअर नाई पडला, तर आजपासून गॅरेज बंद करतो मी."

चौक गोळा झाला. बापूरावांची पाचावर धारण बसली, पण आता नाही म्हणण्याची सोय राहिली नव्हती. त्यांनी दाबलं. मांडी थरथरली, मानेच्या शिरा फुगल्या. रत्नदीपनं हात घालून टमाटर बाहेर काढला. शाबूत. त्यानं तो शर्टाला पुसून सगळ्यांना दाखवला.

"सीट मांगं गेली हाय," बापूराव म्हणाले.

"घ्या, पुढं करून देतो." त्यानं सीट पुढं सरकवली आणि तोच टमाटर पुन्हा ठेवला. पुन्हा शाबूत.

पानठेल्याच्या बाकावरून वासुदेवराव बोलले. बापूरावांच्या खोट्यावर आठ दिवस मान डोलवणारे हेच. "गाव नाचणगाव, अन् नाचता येईना. मंग अंगण वाकडं." चौक खो खो हसला.

"वैनी, तुम्ही या बरं," रत्नदीपनं मागे हाक मारली.

रंजिता उतरली. बापूरावांना सीट सोडावी लागली. ती बसली, चप्पल काढली आणि पेडल दाबलं. फचकन आवाज झाला, रस तिच्या पावलावर उडाला, आणि दांडा ढकलताच गिअर पडला.

"जुनी प्लेट गाडीत नाई, काका," रत्नदीप म्हणाला. "तुमच्या पायात हाय."

रंजिता सीटवरून उठली नाही. शेजारच्या सीटवर तिनं तराजू आणि वजनांची पिशवी ठेवली. "मामाजी, मांगं बसा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "सांभार सुकून राह्यला, पाणी मारजा."

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. वासुदेवरावांनी पुढे केलेला हात झिडकारून बापूराव एकटेच मागे चढले. ते चढत असताना हसणं एकदम थांबलं. त्यांना वाटलं, चला, लोकांना थोडी तरी शरम आहे. पूर्ण रस्ताभर एकदाही गिअर खरखरला नाही. टोपल्यांत बसून त्यांनी तो प्रत्येक गिअर ऐकला.

वर्ध्यात मे महिन्याचं ऊन होतं. बाजारातलं डांबर मऊ झालं होतं. बापूराव मुकाट्यानं क्रेट उतरवत, व्हॅन ते दुकान अशा फेऱ्या मारत राहिले. निदान एवढं तरी आपल्याला जमतं हे त्यांना दाखवायचं होतं. दुपारी एक गिऱ्हाईक बाई भेंडी निवडता निवडता थबकली.

"बाबा, तुमचा पाय."

त्यांनी खाली पाहिलं. डावा पाय अनवाणी होता. तळव्याला डांबर चिकटलं होतं, कडेनं कातडी सुटून फोड फुटला होता. दुखत काहीच नव्हतं.

"चप्पल कुठं गेली माही?"

"चौकातच पडली, तुम्ही चढले तवा," रंजिता टमाटर तोलत म्हणाली. "आरशात दिसली मले. सगळ्यांनीच पाह्यली."

चौकातली ती शांतता शरमेची नव्हती, हे त्यांना आत्ता कळलं. "मंग सांगितलं काऊन नाई?"

तिनं काट्यावरून नजर काढली नाही. "पायात जोर तर तुमच्याच हाय, मामाजी. मले वाटलं, तुमाले समजलं असन."

बापूराव रिकाम्या क्रेटवर बसले. त्यांना रडू येत होतं, पण बाजार भरलेला होता. आणि संध्याकाळी परत मागेच बसायचं होतं, कारण किल्ली तिच्या कमरेला होती.