डिंकाने जोडलेलं घराणं

संग्रहालयात मेलेले पतंग टाचणीवर नीट बसवून ठेवायचं काम मामांनी पस्तीस वर्षं केलं. आपल्या टेबलावरून तुटका पतंग कधी पुढे गेला नाही, हा त्यांचा तोरा. निवृत्तीनंतर आज ते पहिल्यांदाच तिथे आले होते, भाचीने बोलावलं म्हणून. ती तिथेच शास्त्रज्ञ होती.

पतंगाचं शास्त्रीय नाव दुहेरी असतं. आधी घराण्याचं, मग त्याचं स्वतःचं. या घराण्याला प्रजाती म्हणतात. एखादी नवी जात कुणी ना कुणी शोधतच असतं. अख्खं नवं घराणं शोधणारा विरळा. आणि भाचीला ते सापडलं होतं.

"बघ मामा, अंग ओळखीचं, पंख ओळखीचे. पण मिशा? असल्या पिसांसारख्या मिशा याच्या गोतावळ्यात कुणालाच नाहीत! उद्या लेख छापायला जातोय."

मामांनी भिंगाला डोळा लावला. मिशीच्या मुळाशी खसखशीहून बारीक डिंकाचा थेंब होता. इतका नीटस थेंब लावणारा या इमारतीत एकच माणूस होऊन गेला होता.

गप्प बसावं, तर पोरगी जगापुढे तोंडघशी पडणार. बोलावं, तर पस्तीस वर्षांचा तोरा मातीत.

"सुंदर आहेत ना?" भाची म्हणाली.

"असणारच. मी लावल्यात."

"काय लावल्यात?"

"मिशा. इथे आणताना याच्या गळाल्या होत्या. बिनमिशांचा कसा ठेवायचा? दुसऱ्या एकाच्या काढून चिकटवल्या."

"मामा! हा पतंग आहे, नाटकातला राजा नाही!"

तिने कोमट पाण्यात कुंचला बुडवून थेंबावर हलकेच फिरवला. पाच मिनिटांत नवं घराणं वाटीत तरंगू लागलं.

भाचीने कपाळावर हात मारला आणि लेखाचे कागद टराटरा फाडले. "छापून आलं असतं तर सगळे हसले असते मला!"

"जोड मात्र कुणाला दिसला नसता हं," मामांच्या तोंडून निघून गेलंच.

तिने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "खरं सांग. असे आणखी किती?"

मामांनी छताला टेकलेल्या कपाटांच्या रांगेवरून सावकाश नजर फिरवली.

"तू आधी खुर्चीवर बस," ते म्हणाले.