आमखोऱ्याचा सिग्नल

माझ्या बाबांसारखा गाड्या पाहणारा माणूस नागपुरात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याच्या बायकोनं एवढं सोसलं नसेल. बाबांचं नाव नत्थूजी. इतवारी स्टेशनामागच्या आमच्या घरात, खड्ड्याच्या हातमागावर बसून, अनवाणी पायांनी खालच्या पट्ट्या दाबत त्यांनी जन्मभर लुगडी विणली. जीव मात्र सगळा छोट्या लाईनीवर. नागपूरहून निघून सातपुड्याचा घाट चढत छिंदवाड्याला जाणारी ती बारकी गाडी दिसली की बाबा धोटा टाकून दारात. माझ्या आईचं, गोदूबाईचं, माहेर त्या घाटातच आमखोरा नावाच्या स्टेशनाजवळ. बाबा तेव्हा मुलगी पाहायला आले होते की स्टेशन, हे कोडं तिला अजून सुटलेलं नाही.

आमखोऱ्याच्या अलीकडे, वळणावर, एक जुना सिग्नल होता. उंच लोखंडी खांब आणि त्याला लाकडी हात. हात आडवा असला की गाडीनं थांबायचं, खाली पडला की खुशाल यायचं. स्टेशनातला माणूस एक दांडा ओढायचा, रुळाच्या कडेनं कप्प्यांवरून आलेली तार ताणली जायची, आणि पार तिकडे वळणावर हा हात पडायचा. ना वीज, ना बटण. घाटातल्या पावसात, उन्हात तो आजोबांच्या जन्माआधीपासून बिनबोभाट पडत आणि उठत होता. मला आजही यापेक्षा सुंदर यंत्र ठाऊक नाही.

दर भाऊबीजेला मामाकडे गेलो की आम्ही तिघं त्या खांबाजवळच्या चिंचेखाली गाडीची वाट पाहायचो. हात पडलेला जो आधी पाहील त्यानं ‘पडला’ म्हणायचं, आणि टोपलीतलं सगळ्यात मोठं सीताफळ त्याचं. मी पापणी न लववता बसायची. तरी दरवेळी बाबाच जिंकायचे, आणि माझ्यासमोर एकेक बी थुंकत ते सीताफळ खायचे. पोरीसाठी मुद्दाम हरावं वगैरे त्यांच्या गावी नव्हतं. “घारीचे डोये हायेत तुया बापाचे,” आई म्हणायची.

त्याच डोळ्यांना काचबिंदू झाला. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. एक डोळा पुरता गेला आणि दुसऱ्यात थोडा उजेड तेवढा उरला. बाबांनी मात्र कबूल म्हणून केलं नाही. विचारलं की म्हणायचे, “धुकं हाय आज.” मे महिन्यातसुद्धा. रस्ता ओलांडताना मी हात धरला की झटकून टाकायचे. मला त्याचा इतका राग यायचा की नागपूरजवळच्या वाडीच्या गोदामात, माझ्या नोकरीच्या जागी, मी दिवसभर हमालांवर ओरडत राहायची.

मग छोटी लाईन बंद होणार, असं पेपरात आलं. तिथे मोठे रूळ येणार, रंगीत दिव्यांचे सिग्नल येणार. घाटातल्या काही खांबांचे हात तर आधीच काढून नेले होते. बाबा म्हणाले, “मले तो हात पडताना एक डाव पाहाचा हाय.”

आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं. “त्यांले दिसत नाही हे आपल्याले माहीत हाय. आपल्याले माहीत हाय हे त्यांले समजू नोको देजो. हात पडला की मी खोकीन. एवढा इशारा त्यांले पुरे. ते म्हणतीन पडला, अन् सीताफळ त्यांचं. तू तोंड बंद ठेवजो.”

“अन् नाही समजले तं?”

“आखरी डाव हाय वं. हरून नाही जाऊ देत मी त्यांले.”

सकाळच्या गाडीनं आम्ही आमखोऱ्याला उतरलो आणि दुपारच्या गाडीसाठी चिंचेखाली जाऊन बसलो. ऊन लख्ख होतं. सिग्नलाचा हात होता जागेवर, आणि त्याच्या टोकावर एक कोतवाल पक्षी ऐटीत बसला होता. बाबा काही बसले नाहीत. चपला काढून, छत्रीवर रेलून ते रुळाच्या कडेला उभे राहिले आणि मान वर करून पाहू लागले. ते पाहत होते शेजारच्या मोहाच्या झाडाकडे. मला भडभडून आलं, पण मी तोंड बंद ठेवलं.

दूर घाटात शिट्टी झाली. आईनं घसा साफ करून तयारी केली.

“पडला,” बाबा म्हणाले.

आम्ही दोघींनी वर पाहिलं. हात आडवाच होता. आईचा चेहरा पार उतरला. हो बाबा, पडला, असं खोटं बोलायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात खाडकन आवाज झाला आणि हात खाली आला. आईचा खोकला अडकून बसला होता. तो आता निघाला आणि तिला खरंच ठसका लागला.

“काहून खोकून राहिली वं उगीच?” बाबा म्हणाले. “पाणी पी.”

माझं लक्ष खाली गेलं. त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा सिग्नलाच्या तारेवर टेकलेला होता.

“बाबा, तुमचा पाय तारेवर हाय.”

“आजचा थोडी हाय.”

“म्हंजे इतकी वर्षं...”

“तुमचे डोये हातावर, माया पाय तारेवर. हात मंग पडते, पोरी. आधी तार तनते.”

लहानपणची ती सगळी सीताफळं माझ्या डोळ्यांपुढून गेली. लबाड माणूस. मला हसू आवरेना, आणि त्यांचा इतका अभिमान वाटला की काय सांगू.

आईनं त्यांना दंडाला धरून मागे ओढलं. गाडी आली, खेळण्यातल्या डब्यांसारखे डबे वळणावर डुलत गेले, दारातल्या लोकांनी हात हलवले. बाबांनीही हलवला, नेमका गाडीकडे. मग सिग्नलाचा हात पुन्हा वर चढला आणि घाट शांत झाला.

“पडला ते समजलं मले,” बाबा हळूच म्हणाले. “कसा पडला ते सांग.”

मला सांग, असं ते आजवर कोणाला म्हणाले नव्हते.

“मस्त पडला बाबा. रंग असा चकचकीत...”

“खरं सांग वं.”

मग मी खरं सांगितलं. आमच्याकडे त्या हाताची पाठ होती. पांढरा रंग पोपडे धरून उडाला होता, काळा पट्टा अर्धाच उरला होता. पडताना एक झटका बसला, खाली येऊन हात जरासा थरथरला. टोकावरचा कोतवाल मात्र उडाला नाही. त्यानं नुसते पंख उघडले, तोल सावरला आणि तिरप्या हातावर तसाच बसून राहिला.

“बसूनच राह्यला?”

“बसूनच.”

बाबा खूप हसले. डोळे पुसले. आईनं टोपलीतलं सगळ्यात मोठं सीताफळ त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते चाचपलं आणि माझ्यापुढे धरलं.

“पाहणाराले भेटते ना हे? मंग तुयं हाय.”

मी ते घेतलं. परत स्टेशनाकडे जाताना मी त्यांचा हात धरला, आणि त्यांनी तो झटकला नाही.