नऊ वाजून सहा मिनिटांची ऑर्डर

मी एक जुना फोन आहे. गप्पांचा नव्हे, मित्रांनो, ऑर्डरींचा. माझ्यावरून आजवर कुणी कुणाला लग्नाचं आमंत्रण दिलेलं नाही. सोलापुरात नव्या पेठेतल्या एका शेअर दलालाच्या कचेरीत माझी सगळी नोकरी झाली. आलो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो, आता जुन्या पुस्तकाच्या पानासारखा पिवळा पडलोय. माझ्या पोटातून एक वायर निघून शेजारच्या रेकॉर्डिंगच्या डब्यात जाते. मी ऐकतो आणि डबा लक्षात ठेवतो. कचेरीचे मालक सयाजीराव मला "आपला साक्षीदार" म्हणायचे, आणि मी नुसता फुगायचो.

मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव तुम्ही पाहिला असेल. तिथे ओरडून भाव ठरतो. शेअरचाही रोज सकाळी एक लिलाव होतो, पण त्यात कुणी ओरडत नाही. नऊला कॉम्प्युटरवर दार उघडतं. घेणारा आपला भाव घालतो, विकणारा आपला. सात-आठ मिनिटांनी ते दार बंद होतं, आणि नेमकं कोणत्या क्षणी, ते आधी कुणालाच कळत नाही. मग कॉम्प्युटर सगळ्या ऑर्डरी जुळवून एकच भाव काढतो आणि व्यवहार होऊन जातात. झालेला व्यवहार पुसता येत नाही.

म्हणून सयाजीरावांचा नियम कडक होता. फोनवर ऑर्डर घेतली की ती पुरती वाचून दाखवायची. खातं कुणाचं, घ्यायचं की विकायचं, कुठली कंपनी, किती शेअर, काय भाव. आणि समोरच्यानं नुसतं "व्हय" म्हणून भागायचं नाही, आकडा त्याच्या तोंडून आला पाहिजे. त्यानंतरच कॉम्प्युटरला हात लावायचा.

हे काम सुकन्या करायची. अकरा वर्षं माझ्यासमोर तीच बसली. तिचा आवाज स्वच्छ होता, घाई असली तरी एकही शब्द गिळायची नाही. मला ती फार आवडायची, हे लपवून काय करू?

तिच्या ओळखीच्या गिऱ्हाइकांत कुंभारीचे रावजीकाका होते. श्रीपूरच्या साखर कारखान्यात त्यांनी तीस वर्षं उसाचा वजनकाटा सांभाळला. भरली गाडी एकदा काट्यावर घ्यायची, रिकामी करून पुन्हा घ्यायची, मगच पावती. तरी उजळणी सुरू झाली की कुरकुरायचेच. "काय गं पोरी, मी बालवाडीत हाय व्हय?"

त्यांची बायको बजाबाई. बजाबाईंचंही वेगळं खातं होतं, पण दोघांत मोबाइल एकच. त्या शेळ्या पाळायच्या. एक शेळी विकली की पंप बनवणाऱ्या एका कंपनीचे दहा शेअर घ्यायच्या. असे साठ झाले होते. कुठले दहा कुठल्या शेळीचे, ते त्यांना तोंडपाठ होतं.

पण ओळख वाढली तशी उजळणी आखडली. आधी कंपनीचं नाव गळलं, मग खात्याचं. सुकन्या म्हणायची, "नेहमीचंच ना काका?" ते म्हणायचे, "व्हय." मी ऐकत होतो. मला खटकत होतं, पण मला बोलता कुठं येतं?

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी त्या मोबाइलवरून दोन ऑर्डरी आल्या. रावजीकाकांनी साखर कंपनीचे आपले चाळीस शेअर विकायला लावले. पाठोपाठ बजाबाईंनी आपले सगळे साठ लावले, शेळ्यांच्या शेडवर नवे पत्रे घालायचे म्हणून. दोघांनी भाव चढा लावला होता, त्यामुळे विकलं काहीच गेलं नाही. न झालेली ऑर्डर दिवस संपला की आपोआप रद्द होते. संध्याकाळी बजाबाईंचं मन बदललं. जुनेच पत्रे चालतील, म्हणाल्या. कचेरीत कळवायची गरज त्यांना वाटली नाही, आणि खरं म्हणजे ती नव्हतीही.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजून सहा मिनिटांनी मी वाजलो.

"पोरी, कालचंच घाल," रावजीकाका म्हणाले.

"बरं काका."

एवढंच. चार सेकंद. दार कधीही बंद होणार म्हणून सुकन्यानं घाईघाईनं ऑर्डरींची वही पाहिली. त्या मोबाइल नंबरखाली शेवटची ऑर्डर बजाबाईंची होती. तीच तिनं घातली. त्या पंपाच्या कंपनीची चांगली बातमी रात्रीतूनच आली होती, म्हणून भाव उसळला आणि लिलावात साठच्या साठ शेअर गेले.

मोबाइलवर विक्रीचा संदेश पोहोचला, आणि बाराच्या सुमारास नवराबायको कचेरीत हजर. बजाबाई भिंतीकडच्या बाकावर नवऱ्याकडे पाठ करून बसल्या. "माझी चांदी इकली, मोरी इकली. मला इचारलं बी न्हाय," त्या शेळ्यांची नावं घेत म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण रडवेला होता.

रावजीकाका टोपी हातात घेऊन उभे. "चूक माझीच हाय, साहेब. मी माझ्या चाळीसचं म्हनत व्हतो, पर बोललो निस्तं कालचंच."

सयाजीरावांनी समजावलं, की आज साडेतीनला बाजार बंद व्हायच्या आत तेवढेच शेअर परत घेतले तर खात्यातले मूळचे शेअर हलतच नाहीत, बजाबाईंचे त्यांच्याकडेच राहतील. पण सकाळपासून भाव आणखी चढला होता. वरचा फरक कुणीतरी सोसायला हवा होता.

"माझे साखरंचे इका आन त्यातनं भागवा," रावजीकाका म्हणाले.

मित्रांनो, सुकन्यानं नुसतं गप्प बसायचं होतं. म्हातारा आपणहून दोष अंगावर घेत होता आणि रेकॉर्डिंग कुणी मागितलं नव्हतं. तिची नोकरी, तिचं नाव, सगळं शाबूत राहिलं असतं. आणि खरं सांगतो, मलाही वाटलं, आज डब्यात नुसती खरखर निघावी.

तिनं डब्याचं बटण दाबलं. ते चार सेकंद सगळ्यांनी ऐकले.

"यात माझी उजळणी कुठं आहे, काका?" ती म्हणाली. "तुम्ही अर्धं बोललात. पण विचारायचं काम माझं होतं. फरक माझ्या पगारातून कापा, साहेब."

सयाजीरावांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "नियम कचेरीचा, तर फरकही कचेरीचा," ते म्हणाले. "तुला काय बोलायचं ते उद्या बोलेन. आज वेळ नाही."

रावजीकाका बाकावर टेकले. "एका वजनावर पावती कदी फाडली न्हाय म्या," ते स्वतःशीच पुटपुटले. "आन हितं घरच्याच मालाची फाडाया लावली."

तेवढ्यात बजाबाई उठल्या. नवऱ्याच्या हातातून मोबाइल घेतला आणि बाहेर गॅलरीत निघून गेल्या. सुकन्याचे डोळे भरून आले. बाई रागावून गेली, असंच सगळ्यांना वाटलं.

आणि मी वाजलो.

"बजाबाई बोलते, कुंभारीची," दाराबाहेरूनही ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं त्या म्हणाल्या. "माझे परत घे. आन नीट वाचून दाव."

सुकन्यानं वाचलं. शब्द एकही गिळला नाही. "खातं बजाबाईंचं. घ्यायचे. पंपाची कंपनी. साठ शेअर. चालू भावाला."

"साठ," बजाबाई म्हणाल्या. मग थांबून, "चांदीचे धा. मोरीचे धा. तांबडीचे धा, बांडीचे धा, शिंगीचे धा. लंगडीचे धा. झाले की न्हाई साठ?"

"झाले, काकू."

"मग घाल."

आता मी कपाटावर असतो. ऑर्डरी मोबाइलच्या पडद्यावरून जातात. 'खात्री आहे का?' असं तो पडदाही विचारतो म्हणे, आणि माणसाचा अंगठा वाचण्याआधीच 'हो'वर पडतो. मला पुन्हा खाली काढा, असा माझा हट्ट नाही. फक्त अंगठा थोडा थांबू द्या. कुणी 'कालचंच' म्हणालं तर काल काय होतं ते त्याच्याच तोंडून वदवून घ्या. ओळखीचं माणूस असेल तर दोनदा.

माझ्या अंगावर धूळ असली तरी डबा शाबूत आहे. कचेरीत नवं माणूस कामाला लागलं की सुकन्या आम्हाला खाली काढते आणि त्याला दोन ऑर्डरी ऐकवते. बजाबाईंची शेळ्यांची ऑर्डर ती शेवटी लावते. आधी आपली, चार सेकंदांची.