मोकळ्या चार ओळी

सोयाबीनच्या चार ओळी, न फवारलेल्या.

मेणाच्या वडीत बसवलेला हरभऱ्याएवढा मांसाचा तुकडा.

कंधारला एक लग्न.

शून्य ते शंभरमधला कोणता तरी आकडा.

जळकोटजवळ शेती करणाऱ्या देविदासला एक सवय आहे. नवं औषध आणलं की रानात चार ओळी मोकळ्या ठेवायच्या, फवारायच्या नाहीत. काढणीला त्या वेगळ्या मळायच्या आणि शेजारच्या चार ओळींशी तोलून बघायच्या. एका वर्षी एका महागड्या टॉनिकची त्यानं अशी परीक्षा घेतली. दोन्ही ढीग सारखेच भरले. देविदासनं टॉनिक सोडलं, गावानं सोडलं, दुकानदारानं देविदासशी बोलणं सोडलं.

यंदा त्याच्या बायकोच्या, तारामतीच्या, छातीतली गाठ लातूरला काढली. लहान होती. आता केमो द्यायचा की नुसत्या गोळ्या, एवढंच ठरायचं होतं.

"गाठीतली जनुकं तपासता येतात," डॉक्टर म्हणाले. "गाठ परत येण्याच्या धोक्याचा आकडा मिळतो, शून्य ते शंभरमधला. कमी आला तर केमो टळेल."

"आन जास्त आला तर?" देविदासनं विचारलं.

"तर केमो. तो सरकारी योजनेत फुकट आहे. तपासणी योजनेत बसत नाही."

किंमत ऐकून देविदास म्हणाला, "बैलजोडी येती की हो तेवढ्यात!"

नांदेडला शाळेत शिकवणारी लेक राजकन्या शेजारीच होती. "आबा, केमो फुकट हाय. आईचे केमोतले चार महिने फुकट हायत का?"

"तसं न्हाई गं. डॉक्टरसाहेब, कितीजणींचा टळतो?"

"शंभरात साठ-सत्तर. पण हे बहुतेक परदेशातल्या बायांचे आकडे. आपल्याकडच्या त्यात फार थोड्या."

"म्हंजे दुसऱ्याच्या रानातल्या पिकाचा उतारा मला सांगून राहिले तुमी."

"हो मामा. आणि तारामतीबाई शंभर नाहीत, एकच आहेत."

देविदास खुर्चीत पुढं सरकला. "थोडं मोकळं ठिवून बगता येत न्हाई का?"

तारामती इतका वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. "कुठं ठिवता? डावा हात मोकळा ठिवता का?"

डॉक्टरही हसले.

"करा तपासणी," ती म्हणाली. "मला माझा आकडा बगायचाय."

गाठीचा तुकडा बसवलेली मेणाची वडी तपासणीला गेली. तीन आठवड्यांनी आकडा आला. चौदा. केमो नको, रोज एक गोळी, पाच वर्षं.

राजकन्या नांदेडला परतली. तारामती शेंगा निवडायला बसली. देविदासला चैन पडेना.

"तू बरी राहिलीस, तर ती केमो न घेता राहिलीस. पर घेतला असतास तर आणखी बरी राहिली असतीस का?"

"आन न्हाई राहिले तर?"

त्यानं तिच्यापुढची एक शेंग उचलली. मग हळूच म्हणाला, "तवाबी कळायचं न्हाई."

"तुमाला कळावं म्हणून मी दोनदा जगू का?"

"जगलीस तर लई बरं," तो म्हणाला. तीही हसली. "टॉनिकचं बग, कसं सरळ कळलं. चार ओळी फवारलेल्या, चार मोकळ्या. दोन्ही सारख्या. पैसे वाचले का न्हाई?"

तारामतीनं गोळी तोंडात टाकली, वर घोटभर पाणी प्याली.

"हाव," ती म्हणाली.

टॉनिकच्या वर्षी देविदास लग्नाला कंधारला गेला, त्या दिवशी उरलेलं टॉनिक तारामतीनं मोकळ्या चार ओळींवर फवारलं होतं.