शेजारच्या सीटखालचा निळा उजेड

मित्रांनो, मी एक जुनी टॅक्सी आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा आरशासारखी लखलखत होते. आता दारांना पोचे आलेत, टपावरचा रंग उडालाय. बावीस वर्षं मला एकाच माणसाने चालवलं. रोज संध्याकाळी घरी आला की तो शेजारचं दार आतून उघडायचा. बायको येऊन बसायची आणि दोघं माझ्यातच चहा प्यायची.

एका दुपारी, भर रहदारीत, त्याने मला अलगद कडेला घेतलं, ब्रेक ओढला आणि मान टाकली. मागे बसलेल्या प्रवाशाला ओरखडाही आला नाही. लोकांनी त्याचं कौतुक केलं. मला मात्र स्टिअरिंगवरचे त्याचे हात गार होताना जाणवत होते.

मग त्याची लेक मला चालवू लागली. अबोल पोर. वर्ष होत आलं तेव्हा, प्रवाशांना आवडेल म्हणून तिने रंग बदलणारे दिवे बसवून घेतले. वायरमनने डॅशबोर्डखाली, सीटखाली दिव्यांच्या पट्ट्या चिकटवल्या आणि दाराच्या स्विचला तार जोडली. दार उघडलं की उजेड. तो घाईत होता. उरलेली तार त्याने सीटखाली कोंबली.

"म्हातारी नटली की," प्रवासी म्हणायचे. मीही फुशारले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरासमोर बंद उभी होते. सगळी दारं लावलेली. तरी शेजारच्या सीटखालचा निळा दिवा आपोआप लागला. आईने खिडकीतून पाहिलं. ती येऊन त्या सीटवर बसली.

"आलात?" एवढंच म्हणाली.

मग दिवा रोज त्याच वेळी लागू लागला. एकदा लेक दाराशी आली.

"आई, उतर. वायरमनला बोलावते."

"कशाला? मला नाही भीती वाटत."

"मला वाटते."

आई हलली नाही.

खरं कारण मला ठाऊक होतं. सीट मागेपुढे होताना तारेचं साल सोललं होतं. उन्हात तापलेलं माझं अंग संध्याकाळी आक्रसलं, की उघडी तार पत्र्याला टेकायची आणि दार उघडल्यासारखा दिवा लागायचा. पण मित्रांनो, खोटं कशाला बोलू? त्या उजेडात ड्रायव्हरची रिकामी सीट मलाही जड वाटायची.

आठव्या दिवशी दिव्याची दुसरी तारही सोलून पत्र्याला टेकली आणि सीटखालून धूर निघाला. आईला जळका वास आला, तरी ती उठेना. लेकीने धावत येऊन तिला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि बॅटरीची तार उपसली.

वायरमनने सीट काढली. काळी पडलेली तार बघून त्याचा चेहरा उतरला. "चूक माझी, ताई. फ्यूजही बसवला नव्हता मी."

"दुरुस्त केल्यावर दिवा आपोआप लागणार नाही ना?" आईने विचारलं.

"नाही, काकू. मुळीच नाही."

तिने काढलेल्या सीटवरून हात फिरवला. मग म्हणाली, "कर."

दुसऱ्या संध्याकाळी दिवा लागला नाही. तरी आई येऊन बसली. थोड्या वेळाने लेक ड्रायव्हरच्या सीटवर येऊन बसली. वर्षभरात दोघींनी त्याचा विषय काढला नव्हता.

"त्या दिवशी बाबा माझ्याशी न बोलता गेले," लेक म्हणाली. "आदल्या दिवशी आमचं भांडण झालं होतं."

"ठाऊक आहे. मला सांगून गेले होते, संध्याकाळी तिची समजूत काढतो म्हणून."

लेक स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला.

मित्रांनो, तुमच्या हाती एखादी तार आली तर ती नीट बसवा; तिच्यावर कोणीतरी बसणार असतं. आणि घरात कोणी एकटं वाट पाहत बसलं असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा. ते काम गाडीला जमत नाही. मी वर्षभर करून पाहिलं.